शून्य मीटर खोलीची खाण

लोखंड जमिनीखाली असतं, ही समजूत मागासलेल्या खंडांमध्ये अजूनही आढळते. ऑस्ट्रेलियात त्यापायी अख्खे डोंगर सपाट करतात. आफ्रिकेत एका डोंगरापर्यंत पोचायला शेकडो मैल रेल्वे टाकतात आणि मग तोच डोंगर त्या रेल्वेत भरून समुद्रावर नेतात. एवढा खटाटोप करून हाती काय लागतं, तर शंभरात साठ-पासष्ट भाग लोखंड असलेली तांबडी माती. (उरलेला भाग नुसतीच माती. ती आपल्याकडं आहे.) आशिया खंडही बराच काळ याच अंधारात चाचपडत होता. त्याला उजेड दाखवला जालना जिल्ह्यानं, आणि जिल्ह्याला दाखवला खडकहिवऱ्याच्या कडूबा कोतवालानं. कडूबाचं नाव कुठल्याही अहवालात नाही, आणि ते कधी येऊ नये अशी त्याचीही इच्छा आहे.

जालना जिल्ह्यात लोखंडाची खाण नाही. खाली काळा खडक, वर काळी माती, मातीवर मोसंबी आणि कपाशी, असा सरळ मामला आहे. तरी जालन्याच्या भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असतात आणि कुठल्या कुठल्या शहरांच्या स्लॅबांत इथली सळई जाऊन बसते. या भट्ट्यांचं पोट भंगारावर भरतं: मोडका ट्रॅक्टर, फुटकं जहाज, गंजलेली खाट. पिढ्यान्‌पिढ्या हे असं चाललेलं होतं आणि त्यात काही उणं आहे असं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ते आलं आदिनाथ साळुंके साहेबांच्या.

साळुंके साहेब हे 'खंडीय लोहसाठा पुनर्शोध अभियाना'चे जिल्हा प्रमुख. अभियान अख्ख्या आशिया खंडासाठी होतं, पण सुरुवात कुठून तरी करायची म्हणून जालन्यापासून केली होती. (ते अजून जालन्यातच आहे.) नवीन जालन्यात स्टेशनजवळ, एका बियाणं कंपनीच्या वरच्या मजल्यावर कार्यालय थाटून साहेबांनी सहा महिने विचार केला. भंगार कुठून येतं? घराघरांतून येतं. म्हणजे लोखंडाचा साठा घराघरांत आहे. जिथं साठा असतो त्या जागेला खाण म्हणतात. तेव्हा घर ही खाण आहे, फक्त तिची नोंद झालेली नाही. इतका सोपा हिशेब आजवर कुणालाच कसा सुचला नाही, याचं साहेबांना वाईटच वाटलं.

उद्घाटनाच्या बैठकीला जुन्या जालन्यातले भंगाराचे व्यापारी सुरजमलशेठ यांना बोलावलं होतं. तीन पिढ्यांचा धंदा, सत्तरीचं वय, आणि माणूस सरळ. ते उभे राहून म्हणाले, "साहेब, आपण तर याला भंगार म्हणतो. माझ्या दादाजीच्या टायमापासून भंगारच." त्यावर साहेबांनी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं, की ज्याचा उपयोग संपला ते भंगार आणि ज्याचा उपयोग सुरू झाला नाही ते खनिज. मधल्या काळात जे लोखंड वापरात असतं, त्याच्याकडं शास्त्राचं आजवर लक्षच गेलेलं नव्हतं; तेही खनिजच. सुरजमलशेठ खाली बसले. बैठक संपली तेव्हा त्यांना कळलं, की जिल्ह्यातला पहिला खाणपट्टा त्यांच्याच नावावर झाला आहे, कारण बोलणारे तेवढे एकटेच होते.

आता खडकहिवरा. जालन्यापासून सव्वीस किलोमीटर, उंबरे दोनशे चौदा, मध्ये ओढा. गाव ओढ्याच्या अलीकडं आणि शाळा पलीकडं, कारण शाळा मंजूर झाली तेव्हा जागा तिकडं फुकट मिळाली होती. कडूबा हा इथला कोतवाल. कोतवाल म्हणजे तलाठ्याचा हात, पाय आणि प्रसंगी डोळे. दवंडी द्यायची, नोटिसा वाटायच्या, पंचनाम्याला साहेबांच्या पुढं चालायचं आणि साहेब गाडीतून उतरले नाहीत तर पंचनामा आपणच लिहायचा. बावीस वर्षांच्या नोकरीत कडूबानं गावासाठी एकच गोष्ट स्वतःहून मागितली: ओढ्यावर एक लोखंडी साकव, म्हणजे माणसांपुरता पूल. अकरा वर्षं त्यानं अर्ज केले. शेवटी साकव आला, तेव्हा त्याची पोरगी आकांक्षा पाचवीत गेली होती. त्या पावसाळ्यात ती एक दिवसही घरी बसली नाही, आणि ही गोष्ट कडूबा पाहुण्यांना दरवेळी नव्यानं सांगायचा. साकवाचं वजन चोवीस क्विंटल. ते त्याला पाठ होतं, कारण अर्जात ते अकरा वेळा लिहावं लागलं होतं.

अभियानाचं सर्वेक्षण गावात आलं तेव्हा आकांक्षा नववीत होती. सर्वेक्षण आलं म्हणजे एक छापील तक्ता आला. साहेब येणार होते, पण रस्ता पाहून त्यांनी कडूबावर विश्वास टाकला. तक्त्याचे रकाने खाणशास्त्राला धरून होते. साठ्याचं ठिकाण: दुर्गाबाईचं स्वयंपाकघर. स्वरूप: तवा, सांडशी, विळी. साठ्याची खोली: शून्य मीटर. (छताच्या पत्र्यांची खोली उणे अडीच मीटर धरावी, अशी तळटीप होती.) लोहाचं प्रमाण: सत्त्याण्णव टक्के. स्फोटकांची गरज: नाही, पाना पुरेल. विस्थापित होणारे वन्य जीव: कोंबड्यांचं खुराडं, एक.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं सरकारी माणूस वही घेऊन आला, की तो काहीतरी द्यायलाच आला आहे असं लोक धरून चालतात. न्यायला आलेला माणूस वही आणत नाही, असा अनुभव आहे. शिवाय पंचनाम्याचीही एक रीत आहे. गारपिटीत मोसंबीची दोन झाडं पडली, तर कोतवालानं वीस लिहायची. हा खोटेपणा समजू नये. कागद तलाठ्याकडून मंडळात, मंडळातून तहसिलीत, तिथून जिल्ह्याला जातो आणि दर टेबलावर त्यातलं थोडंथोडं झडतं. वीस लिहिली तर शेवटी दोन उरतात; दोनच लिहिली, तर गावाकडूनच झाडं येणं निघतं. दहाचा गुणक हा कडूबाच्या हाताला बसलेला होता. गावात बाकी कशाबद्दल असो, त्याच्या या हाताबद्दल फार आदर होता.

गावानंही साथ दिली. सर्वेक्षणाच्या आठवड्यात खडकहिवऱ्यात पाहुण्यांचं लोखंड उतरलं. जुन्या बैलगाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा निघाल्या, पडक्या विहिरीतला रहाट निघाला. दुर्गाबाईनं तर अंकुशनगरला साखर कारखान्यावर असलेल्या भावाची लोखंडी खाट टेम्पोनं आणवली आणि अंगणात मांडून तिच्यावर स्वतः बसून राहिली. कडूबानं खाट एक धरून दहा लिहिल्या. सहाव्या दिवशी बेरीज झाली, तेव्हा शेजारचं गाव सतरा टनांनी पुढं आहे असं कळलं.

पहिल्या येणाऱ्या गावाला 'आदर्श खाणगाव' म्हणून जाहीर करणार होते. सरपंच बेबीनंदाताईंच्या घरी सगळे जमले आणि आता गावात मोजायचं काय राहिलं, यावर खल झाला. मोजायचा साकव राहिला होता. तो कुणाच्या घरातला नव्हता म्हणून कुणाच्या ध्यानात नव्हता. कडूबाच्या होता. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं तक्ता पुढं ओढला आणि साकवापुढं चोवीस टन असं लिहिलं. लिहिताना त्याला, खरं सांगायचं तर, अभिमान वाटला. आपण आणलेल्या साकवामुळं गाव पहिलं येतंय, असं त्याला वाटलं.

यावेळी मात्र एकाही टेबलावर काही झडलं नाही. अभियानाला साठा जास्तच हवा होता. खडकहिवऱ्याचा तक्ता जसाच्या तसा वर गेला आणि पंधरा दिवसांत अहवाल आला. दरडोई लोहसाठ्यात खडकहिवरा जिल्ह्यात पहिलं, आणि प्रत्यक्ष खनिजाच्या शुद्धतेत अख्ख्या खंडात पहिलं ठरलं होतं. गावच्या तोंडाशी 'आदर्श खाणगाव' अशी पाटी लागली. पाटी लोखंडाची असल्यानं तिचे अकरा किलो लगेच साठ्यात धरण्यात आले. पाटीबरोबर उत्खननाचा कार्यक्रमही आला, आणि तो वाचून बेबीनंदाताईंनी खुर्चीवरून उठून दार लावून घेतलं. नियम असा होता, की सगळ्यात मोठा साठा आधी काढायचा, तो पूर्ण निघाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. पहिला टप्पा, साठा क्रमांक एक: ओढ्यावरील साकव, चोवीस टन.

कडूबा दुसऱ्याच दिवशी जालन्याला गेला. गुरुवार होता. साहेब चांगलं बोलले, चहा दिला. कडूबानं हात जोडून सांगितलं, की साकव चोवीस क्विंटलचा आहे, टनाचा न्हाई, चूक माझी. साहेबांनी नोंद पाहिली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. चोवीसचे दोन पूर्णांक चार करायचे म्हणजे एकवीस टन सहा क्विंटल खनिज मधल्या मधे गेलं, असा त्याचा अर्थ होत होता. खनिजाची चोरी हा मोठा गुन्हा आहे, तेव्हा चोर कोण ते लिहून द्या, म्हणजे लगेच दुरुस्त करतो, असं ते म्हणाले. कडूबाच्या मनात एकाही चोराचं नाव नव्हतं. मग त्यानं दुसरी विनंती केली, की साकव वापरात आहे, रोज साठ पोरं त्यावरून जातात, तेवढा तो वगळा.

"वापरात आहे म्हणूनच तर तो खनिज आहे," साहेब म्हणाले. "मोडलेला असता, तर भंगार झाला असता. मग आमचा काही संबंध नव्हता."

कडूबा गावात परतला आणि त्यानं हे पारावर सांगितलं. दुर्गाबाईनं लगेच उपाय काढला. "मोडून टाका मंग. मोडला की वाचला." त्यावर बराच वेळ विचारही झाला, यावरून गावाची अवस्था लक्षात यावी.

एक आशा होती. साकव शुक्रवारी काढायचा होता आणि तो काढायचा होता पट्टेदार सुरजमलशेठनी; त्यांना लोखंडासाठी शनिवार चालत नाही. शनिवारी लोखंड घरात आणू नये, ही रीत त्यांनी सत्तर वर्षं पाळलेली. शुक्रवारचा दिवस निघाला, तर शनिवार-रविवार मिळेल आणि सोमवारी कुणाला तरी भेटता येईल, असा कडूबाचा हिशेब होता. शेठनीही निरोप पाठवला होता, की मला पूल नको, पण पट्ट्याची अट आहे, नाही काढला तर दंड माझ्यावर. त्यांनी शुक्रवारी माणसं उशिरा पाठवली. साहेब मात्र स्वतः हजर राहिले. (रस्ता तोपर्यंत चांगला केला होता, खनिजाची वाहतूक व्हायची होती.) दुपारी गॅस कटर लागला. कडूबा कोतवाल असल्यानं त्याला बंदोबस्ताला उभं राहावं लागलं. पाचच्या सुमाराला शाळा सुटली, तेव्हा पलीकडच्या काठावर पोरं दप्तरं घेऊन थांबली आणि मधे फक्त दोन खांब होते. ओढ्याला पाणी गुडघाभर होतं. आकांक्षानं चपला हातात घेतल्या, लहान पोरांना एकमेकांचा हात धरायला लावला आणि सगळ्यांना घेऊन अलीकडं आली. बापासमोरून जाताना तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

सूर्य मावळायच्या आत ट्रक निघाला. काट्यावर वजन भरलं चोवीस क्विंटल वीस किलो. (वीस किलो चिखल होता.)

यापुढचा भाग शास्त्रीय आहे, तरी लक्ष देऊन वाचावा. चोवीस टनांपैकी दोन टन चार क्विंटल निघाले. म्हणजे साठा क्रमांक एकमध्ये एकवीस टन सहा क्विंटल अजून शिल्लक आहे. म्हणजे साकव आहे. पूर्वी होता त्याच्या नऊपट आहे. कडूबानं पंधरा दिवसांनी नव्या साकवासाठी अर्ज केला, तेव्हा बांधकाम खात्यानं तो याच कारणानं परत पाठवला, की त्याच जागी एकवीस टनांचा पूल उभा असताना दुसरा कशाला. साहेब पाहणीला येऊन गेले. ओढ्याच्या काठावर उभं राहून त्यांनी शेरा मारला: 'साकव दृष्टीस पडला नाही, तथापि नोंदीस आहे.'

आता गावानं कडूबाच्या मागं उभं राहायचं, असं कुणालाही वाटेल. पण गावाला तोपर्यंत नियम पाठ झाला होता. पहिला साठा पूर्ण निघाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. साठा क्रमांक दोन म्हणजे बेबीनंदाताईंच्या घराच्या जाळ्या आणि जिना, तीन म्हणजे पिठाची गिरणी, चार म्हणजे दुर्गाबाईची खाट, तिच्या भावाची, एक असून दहा. साकव कागदावर उभा आहे तोवर गावातला खिळा हलणार नव्हता. एका संध्याकाळी चार शहाणी माणसं कडूबाच्या ओसरीवर येऊन बसली. कुणी आवाज चढवला नाही. एका पोरीच्या शाळेपायी सगळ्या गावाचे पत्रे उघडे पाडू नको, असं त्यांनी त्याला समजावलं. कडूबा म्हणाला, की साठ पोरं आहेत. त्यावर ते म्हणाले, की बाकीच्या पोरांच्या बापांची काही तक्रार नाही. ते खरं होतं. बाकीच्या बापांच्या घराला जाळ्या होत्या.

माणसं गेल्यावर आकांक्षा आतून बाहेर आली. त्या शुक्रवारनंतर ती बापाशी कामापुरतंच बोलत होती.

"बाबा, तुम्ही आजवर सगळ्यांचं दहापट लिहिलं," ती म्हणाली. "आता एकदा जेवढं हाय तेवढंच लिहा. मी सांगून राह्यले, तुम्ही लिहा."

मग बापलेकींनी मिळून अर्ज लिहिला. त्यात एकही आकडा वाढवलेला नव्हता. कडूबाला ते इतकं अवघड गेलं, की एका पानाला तीन संध्याकाळ लागल्या. ओढ्याला पाणी आलं की बारा किलोमीटरचा वळसा पडतो, तेव्हा गाडी मिळत नाही, मागच्या पावसाळ्यात आकांक्षाची शाळा एकोणतीस दिवस बुडाली आणि पाच पोरींची कायमची सुटली, एवढंच त्यात होतं. साहेबांनी तो वाचला. एवढे छोटे आकडे त्यांनी आयुष्यात पाहिले नसावेत. त्यांनी नियमात बसेल अशी वाट काढून दिली, हे त्यांच्या बाजूनं नमूद करायला हवं.

वाट अशी. साकव गेला हे काठावर उभं राहून सिद्ध होत नाही, कारण नसलेल्या वस्तूची पाहणी करता येत नाही. पण तो जिथं पोचला, तिथल्या माणसानं 'हो, मला मिळाला' असं लिहून दिलं, तर मात्र तो इथून गेला असं मानता येतं. त्यासाठी 'नमुना नऊ-क' नावाची पोच आहे. तिच्यावर एक सही आली, की नोंद बंद होईल आणि अभियानाच्या कलम चाळीसप्रमाणे (पोच आली, की गावातले उरलेले साठे रद्द) खडकहिवऱ्याची खाण संपली असं जाहीर करून ते पुढच्या गावी जातील. मग दुर्गाबाईची खाटही राहील आणि नवा साकवही मंजूर होईल.

कडूबा सुरजमलशेठकडं गेला. शेठनी वही काढून दाखवली, माल कुठल्या भट्टीला दिला ते सांगितलं आणि सोबत आपला मुलगा पारस याला धाडलं. भट्टीवर कळलं, की साकव वितळला, त्याची सळई झाली आणि चार शहरांत गेली. एकदा वितळलं की लोखंडाला गाव राहत नाही, असं भट्टीवरचा माणूस म्हणाला. कडूबानं त्या चार शहरांतल्या एकशे बारा नव्या इमारतींचे पत्ते मिळवले. आकांक्षानं सुवाच्य अक्षरात एकशे बारा नमुने भरले आणि त्यानं ते टपालानं पाठवले. नऊ उत्तरं आली. सहा सोसायट्यांनी आमच्याकडं साकव नाही असं कळवलं. दोघांनी हा पार्किंगचा विषय असेल तर सेक्रेटरींना भेटा असं सुचवलं. एका सद्‌गृहस्थांनी मात्र सविस्तर लिहिलं, की खेड्यातल्या मुलींनी शिकलंच पाहिजे, या मताचे ते पहिल्यापासून आहेत. सही मात्र त्यांनी केली नाही, कारण पुढं घर विकताना अडचण येऊ शकते.

आकांक्षा आता दहावीत आहे. बोर्डाचं केंद्र पलीकडच्याच गावात आलं आहे. नमुना नऊ-कमध्ये तीनच रकाने आहेत: नाव, मजला, सही. इमारत नेमकी कुठली, हे लिहायची अट साहेबांनी काढून टाकली आहे. कुणीही एकानं सही केली तरी चालेल. ज्या वाचकांच्या डोक्यावर स्लॅब नसेल, त्यांनी हा मजकूर आपल्यासाठी नाही असं समजावं. बाकीच्यांनीही तसंच समजावं, अशी कार्यालयाची अपेक्षा आहे. आणि गेल्या चौदा महिन्यांत ही अपेक्षा एकदाही चुकलेली नाही.